छत्रातील घंटा आणि घरातील पडदा : कावेरी त्रिभुज प्रदेशातील अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा एक तौलनिक आलेख

तंजावरच्या मराठी संस्कृतीचा अभ्यास आजवर मुख्यतः दरबार, ग्रंथसंग्रह, नाटक आणि कीर्तन यांच्या अंगाने झाला आहे. सरस्वती महालातील हस्तलिखिते, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सर्फोजी राजांच्या देवनागरी छापखान्यातून १८०६ मध्ये निघालेली ‘बालबोध मुक्तावली’ ही साधने अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. त्या मानाने या प्रदेशातील शाळेचा इतिहास उपेक्षित राहिला. शाळेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकत नव्हते, हा प्रश्न तर विचारलाच गेला नाही.

मार्च २०२० मध्ये भारतभर शाळा बंद झाल्या आणि शिक्षण दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनीच्या पडद्यावर गेले, तेव्हा हा प्रश्न नव्याने उभा राहिला. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टणम आणि त्याच वर्षी स्वतंत्र जिल्हा झालेले मयिलाडुतुरै या कावेरीच्या मुखाकडील भातशेतीच्या पट्ट्यात अपंग विद्यार्थ्यांच्या वाट्याला जे आले, ते त्या दीड वर्षापुरते पाहून उलगडत नाही. शिक्षण देणारी संस्था आणि शिकणारे शरीर यांच्यामधील अंतर कोणी तोडायचे, या जुन्या प्रश्नाचे ते एक नवे रूप होते. प्रस्तुत निबंधात १८०१ पासून आजपर्यंतच्या काही टप्प्यांवर या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१. छत्राची व्यवस्था

१७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि दुसऱ्या सर्फोजींकडे किल्ला, मानमरातब व मर्यादित उत्पन्न एवढेच उरले. रामेश्वरच्या यात्रामार्गावर भोसले घराण्याने उभारलेल्या छत्रांचे काय होणार, ही चिंता त्यांना होती. १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना या छत्रांविषयी एक सविस्तर पत्र लिहिले. ही छत्रे आपल्याकडेच राहावीत, हा पत्राचा हेतू होता. ते निःपक्षपाती वृत्तांत म्हणून न वाचता एका विनवणीचा भाग म्हणून वाचले पाहिजे. तरीही शिक्षणसंस्थेची जी कल्पना त्यात गृहीत धरली आहे, ती महत्त्वाची आहे.

पत्रानुसार छत्रात वाटसरूला अन्न मिळे. पुढे जाणे शक्य नसलेल्यास तो राहील तितके दिवस अन्न मिळे. वेद शिकवणारे अध्यापक, पंतोजी आणि वैद्य तेथे नेमलेले असत. परक्या मुलखातून आलेली अनाथ मुले पंतोजीच्या स्वाधीन केली जात. त्यांना अन्न, वस्त्र, औषध आणि ठरलेल्या दिवशी अभ्यंग मिळे, त्यांच्या आवडीचे शास्त्र शिकवले जाई आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही केला जाई. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी जेवावयाचे राहिले असल्यास त्याने पुढे यावे, अशी घोषणा होत असे. पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. या वास्तूचा उपयोग पुढील काळात शाळा व वसतिगृह यांसाठीही झाला.

या चित्राचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. छत्रातील पंक्तीवर जातिभेदाची छाया होती, आणि शिकण्याचा अधिकार असलेला अपंग विद्यार्थी ही कल्पना त्या पत्रात नाही. दुबळ्या शरीराकडे तेथे दयेचा विषय म्हणूनच पाहिले आहे. परंतु दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. एक, अध्यापन, अन्न, औषध आणि निवास ही कामे येथे एकाच छपराखाली आहेत, त्यांची वेगवेगळी खाती झालेली नाहीत. दुसरी, राहिलेल्याचा शोध घेणे हे संस्थेचे कर्तव्य मानले आहे. अन्न शिजवून ठेवले म्हणजे जबाबदारी संपली, असे घंटा वाजवणारी संस्था समजत नाही.

२. तक्त्यातील रकाने

जून १८२२ मध्ये मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी इलाख्यातील देशी शाळांची माहिती मागवली. तंजावरच्या कलेक्टरने कळवलेला आकडा ८८४ शाळा आणि १०९ उच्च विद्यालये असा होता. हे सर्वेक्षण भारतीय शिक्षणाच्या इतिहासलेखनात वारंवार उद्धृत होते. त्याच्या तक्त्यात ब्राह्मण, वैश्य, शूद्र, इतर जाती, मुसलमान असे रकाने होते आणि मुलगे व मुली यांची वेगळी नोंद होती. शरीराच्या वा इंद्रियांच्या अवस्थेचा रकाना नव्हता. पुढे १८७२ पासून जनगणनेत अंध, मूकबधिर, वेडे आणि कुष्ठरोगी यांची मोजदाद सुरू झाली, ती १९३१ पर्यंत चालली. म्हणजे सरकार विद्यार्थीही मोजत होते आणि अपंगही मोजत होते, परंतु दोन वेगळ्या वह्यांत. एकाच व्यक्तीचे नाव दोन्हीकडे असू शकेल, ही शक्यता कागदावर उमटलीच नाही.

याचा अर्थ ओट्यावरच्या शाळेत अशी मुले नव्हतीच, असा मात्र होत नाही. तमिळमध्ये ‘तिण्णै पळ्ळि’ म्हणून ओळखली जाणारी ही शाळा घराच्या ओट्यावर भरे. तेथील अध्ययनाची साधने पाहिली तर ती प्रामुख्याने कान, जीभ आणि बोट ही होती. पाठ सामूहिक रीतीने घोकला जाई, अक्षर वाळूत बोटाने गिरवले जाई आणि मोठा विद्यार्थी धाकट्यास शिकवी. मद्रासच्या अनाथालयात १७८९ ते १७९६ या काळात काम केलेल्या अँड्र्यू बेल यांनी मलबारी शाळेतील वाळूतले लेखन पाहून ते आपल्याकडे सुरू केले, आणि विद्यार्थ्यांकरवी अध्यापनाची त्यांची पद्धत ‘मद्रास पद्धती’ या नावाने इंग्लंडात पसरली. अशा शाळेत दृष्टिहीन मुलाला घोकंपट्टीत आणि वाळूतील स्पर्शात काही वाव असू शकत होता. कर्णबधिर मुलाला तो जवळजवळ नव्हता. अपंगत्व शरीरात जितके असते तितकेच ते अध्यापनाच्या माध्यमात असते, ही आज अभ्यासकांना मान्य झालेली गोष्ट ओट्यावरच्या शाळेच्या संदर्भातही खरी ठरते.

सर्फोजींच्या कारकिर्दीचा आणखी एक पुरावा या संदर्भात उल्लेखनीय आहे. नेत्ररोग्यांच्या सचित्र नोंदी सरस्वती महालात जतन झाल्या आहेत. त्या १८२०च्या दशकातील आहेत. डोळ्यांवर उपचार करणारी, रोग्याची स्थिती टिपून ठेवणारी दृष्टी दरबाराकडे होती. परंतु उपचाराने जो बरा झाला नाही, त्याने पुढे काय शिकावे, याची वही त्या काळात कोणीच ठेवली नाही.

३. वाचक आणि ठिपके

दक्षिणेत विशेष शाळांचा आरंभ मिशनरी प्रयत्नांतून झाला. तिरुनेलवेलीजवळील पाळयंकोट्टै येथे १८९० मध्ये अँस्क्विथ यांनी अंधांसाठी शाळा सुरू केली. त्याच शतकाच्या अखेरीस तेथेच फ्लोरेन्स स्वेन्सन यांच्या प्रयत्नाने कर्णबधिरांची शाळा उभी राहिली. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांची अंधशाळा १९०० ची. तंजावर शहरात पुढे दृष्टिहीनांसाठी आणि कर्णबधिरांसाठी स्वतंत्र शासकीय शाळा झाल्या व त्या उच्च माध्यमिक स्तरापर्यंत वाढल्या. त्रिभुज प्रदेशातील खेड्यातल्या मुलाला शिकावयाचे तर गाव सोडून या निवासी शाळेत यावे लागे. गाव आणि घर यांच्यापासून तुटणे ही या शिक्षणाची किंमत होती. त्याच्या मोबदल्यात त्याला आपल्यासारख्यांची सोबत, आणि कर्णबधिर मुलाच्या बाबतीत तर आयुष्यातील पहिली पूर्ण भाषा मिळत असे.

निवासी शाळा नसती तर काय होते, याचे एक असामान्य उदाहरण मराठी परंपरेत आहे. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्यात गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन त्यांनी वेदान्तापासून पाश्चात्त्य तत्त्वज्ञानापर्यंतचा व्यासंग केला आणि विपुल ग्रंथरचना सांगून लिहवून घेतली. त्यांना ‘प्रज्ञाचक्षु’ म्हटले गेले. हे संबोधन गौरवाचे असले तरी त्यामुळे एक व्यावहारिक सत्य झाकले जाते. त्या प्रज्ञेला ग्रंथापर्यंत नेणारे वाचक आणि लेखनिक तेथे सतत हजर होते. असा वाचक ज्याला लाभला नाही, त्याचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात येत नाही.

या परावलंबनातून वाट काढणारी लिपी म्हणजे ब्रेल. युनेस्कोच्या पुढाकाराने भारतीय भाषांसाठी समान अशी ‘भारती ब्रेल’ १९५१ मध्ये मान्य झाली. तिच्यात समान ध्वनीला समान ठिपके योजले आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने याचा तंजावरच्या संदर्भात अवश्य विचार करावा. येथील मराठी भाषक घरांत बोली मराठी टिकली, परंतु मोडी विसरली गेली आणि देवनागरीही बहुतेकांच्या हातून सुटली. शिक्षण तमिळ लिपीत होते. डोळस मुलाला पूर्वजांची मराठी वाचावयाची तर नवी लिपी शिकावी लागते. तमिळ ब्रेल शिकलेल्या दृष्टिहीन मुलाला मात्र मराठीचा ‘क’ तमिळ ‘क’च्याच ठिपक्यांत भेटतो. तमिळ लिपीत नसलेली महाप्राण आणि घोष अक्षरे तेवढी त्याला नव्याने आत्मसात करावी लागतात. दोन लिपींमधील जी भिंत बहुसंख्यांना अडवते, ती बोटांच्या टोकाशी जवळजवळ नाहीशी होते. ही शक्यता प्रत्यक्षात उतरण्यासाठी ब्रेलमध्ये मराठी पुस्तक त्या मुलाच्या हाती पडावे लागते. प्रश्न पुन्हा अंतरापाशीच येतो.

४. पडद्यावरची शाळा

तमिळनाडू शासनाची ‘कल्वि’ ही शैक्षणिक दूरचित्रवाहिनी ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच सुरू झाली होती. २००६ ते २०११ या काळात राज्यात रंगीत दूरचित्रवाणी संच मोफत वाटले गेले होते आणि २०११ पासून उच्च माध्यमिक व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची योजना आली होती. त्यामुळे या राज्याची तयारी इतर अनेक राज्यांपेक्षा बरी होती. मे २०२० मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या ‘पीएम ई-विद्या’ योजनेत दृष्टिहीन व कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या साहित्याचा उल्लेख होता. अपंग मुलांसाठीच्या ई-साहित्याची मार्गदर्शक तत्त्वे मात्र जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर शाळा बंद होऊन सव्वा वर्ष उलटले होते.

या क्रमातच अनुभवाचे मर्म आहे. माध्यम आधी आले आणि ते कोणाला वापरता येईल याचे नियम मागाहून आले. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पडदा वाचून दाखवणारी प्रणाली उपलब्ध होती. २००६ पासून विकसित झालेली ‘एनव्हीडीए’ ही तर मोफत आहे. परंतु शिक्षकाने वहीचे छायाचित्र काढून पाठवले की त्या प्रणालीला त्यात अक्षर सापडत नाही. युनिकोडपूर्व टंकात जुळवलेली पाने तिला निरर्थक चिन्हांची रांग वाटतात. तमिळनाडूने २०१० मध्ये युनिकोडला अधिकृत मान्यता दिली, तरी जुन्या टंकांतील मजकूर वापरातून गेला नाही. मराठी प्रकाशन व्यवहारातील अनुभव याहून वेगळा नाही. पानावरचे अक्षर डोळ्याला नीट दिसले म्हणजे ते अक्षर आहे, हा मुद्रणसंस्कृतीचा समज येथे उघडा पडतो.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या बाबतीत अडचण उलट दिशेची होती. चौकटीएवढ्या चित्रात शिक्षकाचे ओठ दिसत नाहीत, संपर्क क्षीण झाला की हातांची खूण मध्येच गोठते, आणि शिक्षक पडद्यावर चित्र दाखवू लागला की त्याचा चेहराच नाहीसा होतो. कल्वि वाहिनी घरोघरी पोहोचली, परंतु दूरचित्रवाणीला प्रश्न विचारता येत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाजवळ कोणीतरी सतत बसणे आवश्यक होते. हे काम बहुधा आईकडे आले. गटसाधन केंद्रातील भौतिकोपचार थांबल्यावर हातापायांच्या व्यायामाचा भारही घरावर पडला.

प्रदेशाची स्वतःची परिस्थिती यात मिसळली. २०२० मध्ये मेट्टूर धरणाचे पाणी बऱ्याच वर्षांनी नेमक्या १२ जूनला सुटले आणि कुरुवै हंगामाची कामे वेळेवर सुरू झाली. शेतमजुराच्या घरात एकच स्मार्टफोन असेल, तर वर्गाच्या वेळी तो शिवारात असणार. त्याच वर्षअखेरीस ‘निवार’ आणि ‘बुरेवी’ या चक्रीवादळांचा पाऊस झाला. नोव्हेंबर २०१८ मधील ‘गज’ वादळाने याच पट्ट्यात वीजवाहिन्यांची केलेली नासधूस लोकांच्या स्मरणात ताजी होती. जानेवारी २०२१ मध्ये राज्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दररोज दोन जीबी इंटरनेट मोफत देण्याचे जाहीर केले. शाळकरी मुले त्या योजनेत नव्हती.

‘स्वाभिमान’ या ओडिशास्थित संस्थेने २०२० मध्ये अनेक राज्यांतून केलेल्या पाहणीत, सुमारे ४३ टक्के अपंग मुले शिक्षण सोडण्याच्या विचारात असल्याचे आढळले. ही एका संस्थेची पाहणी आहे, जनगणना नव्हे, आणि तिचा आकडा त्रिभुज प्रदेशाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा दाखवण्यास तो पुरेसा आहे.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याला चढ-उताराच्या पायऱ्या आणि गर्दीची बस यांपासून सुटका मिळाली. ध्वनिमुद्रित पाठ पुन्हा ऐकता येऊ लागला. लिहून प्रश्न विचारण्याची सोय झाल्याने बोलण्यात अडखळणाऱ्यास वर्गात प्रथमच जागा मिळाली. या सोयी अपंग व्यक्ती अनेक वर्षे मागत होत्या. त्या सर्वांना लागल्या तेव्हाच त्या शक्य झाल्या, यावरून त्या आधी अशक्य नव्हत्या हे सिद्ध होते.

जे हरवले ते मात्र अधिक मोठे होते. हरवला तो शेजारी. फळ्यावरचे हळूच वाचून सांगणारा, आपली वही पुढे सरकवणारा बाकावरचा सोबती हा कोणत्याही शासननिर्णयात नसतो. ओट्यावरच्या शाळेपासून चालत आलेली ही विद्यार्थ्याने विद्यार्थ्यास शिकवण्याची रीत ऑनलाईन वर्गात खुंटली. मध्यान्ह भोजनाची पंगत गेली आणि तिच्या जागी कोरडा शिधा आला. अध्यापन, अन्न आणि उपचार यांना एकत्र धरणारी वास्तू नाहीशी झाल्यावर त्या तिन्ही गोष्टी घरावर, आणि घरातही एका बाईवर, येऊन पडल्या.

५. कोणती भाषा, कोणता शब्द

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अंध व बधिर विद्यार्थ्यांना त्यांना सर्वाधिक अनुरूप अशा भाषेत आणि संवादपद्धतीत शिक्षण देण्याची तरतूद केली आहे. त्रिभुज प्रदेशातील मराठी घरातल्या कर्णबधिर मुलाच्या बाबतीत ही अनुरूप भाषा कोणती? आजीची बोली मराठी, गल्लीतली आणि पुस्तकातली तमिळ, परीक्षेपुरती इंग्रजी आणि निवासी शाळेतील खुणांची भाषा, अशा चार भाषांच्या मध्ये तो उभा असतो. तमिळनाडूत १९६८ पासून द्विभाषा धोरण आहे, तर राष्ट्रीय पातळीवरील पुष्कळसे ई-साहित्य हिंदी व इंग्रजीत आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात २०२१ मध्ये दहा हजार शब्द झाले, ही मोलाची गोष्ट आहे. परंतु कोश म्हणजे संवाद नव्हे. शाळा बंद झाल्यावर हे मूल घरी परतले ते अशा कुटुंबात, जेथे त्याच्यावर प्रेम करणारे सर्व होते आणि त्याची भाषा बोलणारे बहुधा कोणीच नव्हते. बहुभाषिकतेचा गौरव करणाऱ्या तौलनिक अभ्यासाने या एकांताचीही दखल घ्यावयास हवी.

शब्दांचा इतिहासही येथे बोलका आहे. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, मुका, बहिरा ही पात्रे येतात, ती जीवाच्या आध्यात्मिक अवस्थेची रूपके म्हणून. कीर्तनपरंपरेबरोबर मराठी भक्तिवाङ्मय तंजावरला गेले, तेव्हा ही रूपकेही गेली. आधुनिक मराठीत ‘अपंग’ रूढ झाला, आणि गेल्या दशकात शासनव्यवहारात ‘दिव्यांग’ आला. तमिळमध्ये ‘ऊनमुट्रोर’, म्हणजे न्यून असलेले, या शब्दाच्या जागी ‘माट्रुत्तिऱनाळि’, म्हणजे वेगळी क्षमता असलेला, हा शब्द प्रस्थापित झाला. मराठी शब्द देवत्वाकडे झुकतो, तमिळ शब्द क्षमतेकडे. एकाने आदर व्यक्त होतो, दुसऱ्याने कामाची अपेक्षा. दोन्ही शब्दांची कसोटी मात्र एकच : त्या व्यक्तीपर्यंत वर्ग पोहोचला की नाही.

६. घर नावाची शाळा

जानेवारी २०२१ मध्ये दहावी-बारावीचे वर्ग उघडले आणि १ नोव्हेंबर २०२१ रोजी पहिली ते आठवीची मुले शाळेत परतली. त्याआधी काही दिवस, ऑक्टोबरअखेरीस, ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे घर शोधत येणारे शिक्षण, ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकांनी वस्तीत जाऊन मुलांना शिकवण्याची ही कल्पना आहे. संस्थेनेच अंतर तोडण्याचे तत्त्व तिच्या नावात आहे, म्हणून ती या प्रदेशाच्या जुन्या परंपरेशी जुळते.

परंतु ‘घर’ या शब्दाला दुसरी धार आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय दिला. जेथे विशेष शिक्षक नियमाने येतो, तेथे तो खरा पर्याय ठरतो. जेथे तो येत नाही, तेथे मुलाचे नाव पटावर आणि मूल ओसरीवर अशी स्थिती होते. ऑनलाईन साधने स्वस्त झाल्यावर या प्रकाराला नवे, सुसंस्कृत रूप मिळण्याचा धोका आहे. दुवा पाठवला, म्हणजे शिकवले, अशी नोंद करता येते. मन्रोच्या तक्त्यात अपंग विद्यार्थ्याला रकानाच नव्हता. आजच्या तक्त्यात रकाना आहे, परंतु तो भरला म्हणजे मूल शिकले असे नव्हे.

दोन शतकांच्या या आलेखातून कोणतेही माध्यम मुळात उदार वा अनुदार ठरत नाही. वाळू, ठिपका, दूरचित्रवाणी आणि पडदा यांपैकी प्रत्येकाने कोणाला जवळ केले आणि कोणाला दूर ठेवले. फरक पडला तो राहिलेल्यांची चौकशी कोणी केली, यामुळे. सर्फोजींच्या पत्रातील छत्र विषमतेपासून मुक्त नव्हते. तरीही त्याच्या दिनक्रमात एक घटका केवळ, अद्याप कोण आले नाही, हे विचारण्यासाठी राखून ठेवलेली होती. ऑनलाईन शिक्षणाच्या व्यवस्थेत अशी घटका कोणती आणि ती पाळणारा माणूस कोण, हे ठरेपर्यंत त्रिभुज प्रदेशातील त्या मुलांच्या दृष्टीने शाळा पूर्णपणे उघडली, असे म्हणता येणार नाही.